भुवईवाली

टीव्हीत विष असतं हे आमच्या घरात सगळ्यांत आधी तात्यांना कळलं, आणि ते नेमकं कुठं असतं हे शोधायला दर मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांच्या पुढं तेच बसत. तात्या म्हणजे माझे वडील. सणसरला आमची उसाची शेती. घरात आई, तात्या, कारखान्यात पाळीवर जाणारे काका, काकी, माझी थोरली बहीण नंदाअक्का आणि मी. मला सगळे बारकी म्हणत, आणि आज साठीला आले तरी अंथुर्ण्याहून अक्काचा फोन आला की पहिला शब्द तोच असतो. टीव्ही काकांनी बारामतीहून आणला होता. काळा-पांढरा, चहाच्या पेटीएवढा. तो घरात आला त्या दिवशी तात्यांनी भाकरी मोडताना जाहीर केलं, "ह्यो डबा घर मोडणार हाय. माझं शब्द ध्यानात ठिवा." मग हात धुऊन ते माळवदावर चढले आणि अँटेना कुठल्या दिशेला धरली की मुंग्या कमी होतात हे त्यांनीच शोधून काढलं.

मंगळवारी हमखास लाइट जायची. मग आम्ही तात्यांच्या तोंडाकडं बघायचो. त्यांना टीव्हीत काही रस नाही, हे दाखवायला ते थोडा वेळ तंबाखू मळत बसत. नंतर उठून म्हणत, "काय दावत्यात ते बघाय तर पायजे. न्हायतर तुमास्नी कळायचं कसं?" आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत. ती बॅटरी दारातून आत येताना जे सुख वाटायचं ते पुढं आयुष्यात रंगीत टीव्ही घेतानासुद्धा वाटलं नाही. बॅटरी आधीच म्हातारी झालेली. त्यामुळं बुधवारी सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायचा नाही आणि आई, काकी, अक्का, मी, शेजारचे दोघेतिघे, सगळे मिळून तो ढकलायचो. वर स्टिअरिंगला तात्या. "बघा, बघा ह्या डब्यापायी काय येळ आली," असं ते वरून ओरडत आणि आम्ही खाली हसून हसून ढकलायचं सोडून देत असू.

मालिका एका श्रीमंत घराची होती. भला मोठा जिना, त्यावरून सतत कोणीतरी उतरतंय. त्या घरात एक नणंद होती. तिचं मालिकेतलं नाव मला खरंच आठवत नाही, कारण आमच्या आळीत तिला सगळे भुवईवालीच म्हणत. तिच्या मनात काही वाईट आलं की तिची डावी भुवई वर जायची, कॅमेरा तिच्या तोंडाजवळ जायचा, मग आणखी जवळ, आणि मागं ताट पडल्यासारखा आवाज व्हायचा. आमची काकी त्या आवाजाला दर वेळी दचकायची आणि हातातली शेंग तोंडाऐवजी नाकाला लावायची. भुवईवाली पदराखाली काहीतरी लपवून आणायची, कुणाच्या दुधात काहीतरी टाकायची, कुणाच्या खोलीत काहीतरी ठेवायची. आम्हाला तिचा संताप यायचा आणि ती दिसली नाही तर करमायचं नाही. तिची साडी कुठल्या रंगाची असेल यावरून आई आणि काकीची पैज लागायची, पण पैज मिटायला काही मार्ग नव्हता.

तात्यांचं म्हणणं असं की मालिकेत एक गोष्ट उघड असते आणि एक झाकलेली, आणि घात करते ती झाकलेली. जाहिरात लागली की ते आमच्याकडं तोंड करून बसत आणि शिकवणी सुरू होई. "ह्या घरात कुणी कामाला जातंय का? न्हाय. तरी दर मंगळवारी नवी साडी. म्हंजी पोरास्नी काय सांगत्यात? राबू नगा, साडी आपुआप येती." आणखी एकदा त्या घरची सून दूध तापायला ठेवून फोनवर बोलायला गेली. बोलणं चांगलं लांबलं, पण दूध उतू गेलं नाही. त्या मंगळवारी तात्यांचा तोल सुटला. "आरं, दूध गेलं कुठं? आसलं खोटं दावून पोरींची आटकळ बिघडिवत्यात! उद्या आमची नंदी दूध ठिवून गप्पा हाणाय बसंल!" अक्का म्हणाली, "तात्या, आत्ता आपलं दूध कोण बघतंय?" आणि आई चुलीकडं धावली. दूध उतू गेलं होतं. तात्यांनी बोट दाखवलं ते टीव्हीकडं.

आता माझा नातू मोबाइलवर काहीबाही बघत बसतो आणि सूनबाई मला म्हणते, "आई, त्यातून मुलांच्या मनावर काय काय बिंबवतात, तुम्हाला कल्पना नाही." मी मान डोलावते. कल्पना नाही कशी? मी तात्यांच्या शिकवणीत वाढले आहे. त्यांचं सगळंच चूक होतं असंही नाही. त्या काळी तीन आळ्या सोडून तीच मालिका बघणाऱ्या एका घरात सासू-सुना चार महिने एकमेकींच्या हातचा चहा पीत नव्हत्या, आणि कारण विचारलं तर दोघींनाही धड सांगता येत नव्हतं. पण विष उतरवायला बसलेल्या माणसालाच आधी चढतं, ही गोष्ट मला तात्यांमुळं कळली, आणि ती कळली त्या वेळी अक्काच्या लग्नाची सोयरीक मोडायच्या बेतात होती.

त्याआधी आमच्या दह्याविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या घरचं विरजण तात्यांच्या आईनं लावलेलं. ती गेली, पण विरजण रोजच्या रोज पुढं चालत राहिलं. एका खापराच्या गाडग्यात आई ते सांभाळायची. त्या दह्याला आंबटपणा नावाला आणि मागून एक खरपूस गोडवा, कारण दूध शेणकुटाच्या मंद जाळावर दिवसभर तापत ठेवलेलं असायचं. तात्या दुसऱ्या कुणाच्या घरी दह्याला हात लावत नसत. लग्नाच्या पंगतीत वाढपी दही घेऊन आला की ते पानावर तळहात आडवा धरत. अक्काचंही तसंच. शेवटच्या भातावर घरचं दही नसलं तर ती म्हणायची, मी जेवलेच नाही. आणि घरात एक कडक नेम होता, दिवेलागणीनंतर दही, दूध, मीठ उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. लक्ष्मी त्याच्या पाठोपाठ निघून जाते म्हणे. शेजारीण आली तरी आई सांगायची, "सकाळच्या पारी ये गं."

अक्काला बघायला अंथुर्ण्याची मंडळी आली ती कारखान्याच्या हंगामात. उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत त्यांची जीप अडकली आणि दुपारी यायचे ते दिवस कलता कलता पोचले. मुलगा बाळासाहेब, त्याचे वडील, आणि मुलाची आत्या, हौसाबाई. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली. नवरा वारल्यावर भावाकडं परत आलेल्या हौसाआत्यानंच त्याला वाढवलं. म्हणजे अक्काला सासू तीच. ती जीपमधून उतरली, पदर सावरला, वर बघितलं, आणि काकीच्या हातातला तांब्या घंगाळात पडला. हौसाआत्याची डावी भुवई वर होती. पाणी घेताना वर, चहा घेताना वर, अक्काला नाव विचारताना वर. ताट पडल्यासारखा आवाज मात्र काकीनं केला होता, एवढाच फरक.

अक्का घाबरून पोह्यांत मीठ घालायला विसरली. ते कुणाच्या तोंडावरून कळलं नाही, कारण सगळे पाहुण्यांसारखे दोन घास खाऊन थांबले होते. बाळासाहेबांनी मात्र बशी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "अजून हायती का?" नंतर अक्कानं पातेल्यातले पोहे तोंडात टाकले तेव्हा तिला कळलं, आणि ती माझा दंड धरून म्हणाली, "बारके, ह्याच्याशीच करणार मी." पाहुणे निघाले तेव्हा दिवे लागले होते. पुरुषमाणसं जीपपाशी बोलत उभी होती. तात्या तंबाखूची चंची घ्यायला मागच्या अंगणात गेले आणि तिथं तुळशीजवळ त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हौसाआत्या एकटीच, परसदाराकडून येत होती. इकडं तिकडं बघत होती. पदराखाली काहीतरी झाकून धरलं होतं. आणि भुवई वर.

जीप गेली. तात्या आत येऊन म्हणाले, "ही सोयरीक व्हायची न्हाय."

"अवो, झालं काय?" आई म्हणाली.

"त्या बाईनं पदराआड कायतर लपवून न्हेलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं म्या."

आईनं देवघर बघितलं, फडताळ बघितलं, भांडी मोजली. "हितं तर कायबी गेलं न्हाय."

"हेच तर इपरीत हाय!" तात्या म्हणाले. "गेलं न्हाय म्हंजी ठिवलंय. ती भुवईवाली काय न्हेत न्हाय, ठिवून जाती. मागच्या मंगळवारी बघितलं न्हवं?"

मग आमच्या घराची झडती झाली. कणगी हलवल्या, गाद्या झटकल्या, तात्या स्वतः बाजेखाली आडवे होऊन हातातली बॅटरी मारत होते. शेवटी पिठाच्या डब्यामागं एक सुकलेलं लिंबू निघालं. तात्यांनी ते चिमट्यानं उचलून अंगणात नेलं.

"आता माझ्या कर्मा," आई म्हणाली, "ते लोणच्याच्या लिंबातलं घरंगळल्यालं हाय. मीच हुडकत व्हते."

"मालिकेतली आईबी आसंच म्हणाली व्हती," तात्या म्हणाले.

खरं काय ते एकट्या काकीला ठाऊक होतं, पण ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं भाच्याच्या बारशाला माहेरी गेली, आणि घरात तेव्हा फोन नव्हता. अक्का दोन दिवस जेवली नाही. दह्याचा भातसुद्धा नाही. गोठ्यात जाऊन रडायची आणि धारा काढायच्या वेळी डोळे पुसून यायची. मला तात्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या चहात साखर घालायची बंद केली. तात्या चहा मुकाट्यानं पीत. त्यांनाही सुख नव्हतं. सगळ्यांना ते एकच सांगत, "पोरगी इहिरीत ढकलू का?" नकार मध्यस्थाकरवी, पत्रिका जुळत नाही म्हणून गोड शब्दांत कळवायची आमच्याकडं रीत. तात्यांना ते पटेना. पाहुणे घरी येऊन चहापोहे घेऊन गेले, तर नाहीसुद्धा तोंडावर जाऊन सांगायची, असं त्यांनी ठरवलं. आई कधी नव्हे ती पटकन कबूल झाली. फक्त म्हणाली, "बारकीला संगं न्ह्या." आणि मला चुलीपाशी बोलावून हळूच बजावलं, "हे बघ, जेवान झाल्याबिगर त्यास्नी त्वांड उघडू द्यायचं न्हाय. काय बी कर. ज्याचं मीठ खाल्लं त्याला तुझे वडील वाकडं बोलायचे न्हायीत."

आम्ही फटफटीवरून निघालो. मागं बसून मी रस्ताभर देवाला विनवत होते आणि पुढं तात्या बोलायची वाक्यं पाठ करत होते. वाऱ्यावर तुकडे ऐकू यायचे. "तसं काय न्हाय, पर..." "औंदा आमाला कर्तव्य न्हाय..." अंथुर्ण्याला त्यांच्या दारात हौसाआत्या धान्य निवडत बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि तिची भुवई आहे तिथंच राहिली. तात्यांनी घसा साफ केला. मी म्हणाले, "आत्या, मला लई भूक लागलीया." तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पळून गेली असती. पण आत्यानं चूल पेटवली होती. तात्या ओसरीवर पुन्हा म्हणाले, "मी काय म्हणत व्हतो, बाई..." मी म्हणाले, "तात्या, हात धुवा." बाळासाहेबांचे वडील रानात होते, त्यांना बोलवायला माणूस गेला.

ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याची पावट्याची आमटी, हरभऱ्याचा घोळाणा, लाल ठेचा. तात्या मान खाली घालून जेवत होते. मीठ पोटात जात होतं आणि त्यांचं तोंड आणखीच अवघडत होतं. शेवटी भात आला आणि त्यावर आत्या दही घेऊन आली. तात्यांनी सवयीनं तळहात आडवा धरायला उचलला, पण आत्यानं तोवर वाढलंसुद्धा. पानात पडलेलं टाकायचं नाही, हा आमच्याकडचा दुसरा नेम. तात्यांनी भात कालवला. एक घास घेतला. मग थांबले. दुसरा अगदी लहान घेतला, मुलं औषध चाखतात तसा. मी माझ्या पानातलं दही बोटानं चाटलं आणि माझे डोळेच मोठे झाले.

"हे दही," तात्या म्हणाले, "कुठलं म्हणायचं?"

हौसाआत्या दाराच्या चौकटीला टेकली. तोंड लाजून लाल झालं होतं, भुवई मात्र तशीच तोऱ्यात वर. "तुमचंच हाय, पाव्हणं. चोरलंय म्या."

"आमचं?"

"तुमच्या भावजयीकडनं मागून घ्येतलं. ती म्हणाली, नंदीचं ह्या दह्याबिगर जेवान व्हत न्हाय. म्हणलं, पोरगी परक्या घरात येणार, पयल्या दिशी घास तरी घरचा वाटाय पायजे. दिवं लागल्यालं, तुमच्यात तवा देत न्हायीत, तर ती बिचारी भीत व्हती. मग पदराआड झाकून आनलं. रोज इरजते. रोज थोडं मागं ठिवते. ती येस्तवर मोडू द्याचं न्हाय."

तात्या म्हणाले, "पर आमचा व्हकार कुठं आलाय आजून?"

"तुमचा यायचा हाय, माझा तवाच झालाय," ती म्हणाली. "बिनमिठाचं पोहं आमच्या बाळानं मागून खाल्लं. आजून काय बघायचं ऱ्हायलं?"

तात्या तिच्याकडं बघतच राहिले. तिला वाटलं भुवईकडं बघतात. तिनं बोट भुवईवर टेकवलं. "ही व्हय? ल्हान व्हते तवा गुऱ्हाळावर चरक फिरवायच्या लाकडी लाटंचा फटका बसला. तवापास्नं खाली येत न्हाय. भावजय गेली तवा समद्यांपरास जास्त रडले म्या. तर बाया म्हणाल्या, बघा कशी तोऱ्यात बघतीया." हे सांगून ती स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. तात्यांकडं बघायचं मला धाडस होईना.

तेवढ्यात बाळासाहेबांचे वडील रानातून आले. पाय धूत म्हणाले, "राम राम तात्या. कसं काय येणं केलं सांगावा न धाडता?"

तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पानाकडं. पान भाकरीच्या तुकड्यानं स्वच्छ पुसलं आणि म्हणाले, "काय न्हाय. इरजण नीट लागलं का बघाय आलतो."

परतताना कालव्याच्या पुलावर त्यांनी फटफटी थांबवली. कठड्याला टेकून तंबाखू मळली. मग म्हणाले, "समद्यास्नी सांगत व्हतो, जपा, जपा म्हणून. आन मलाच चावलं की गं, बारके." मी म्हणाले, "घरी काय सांगायचं?" ते म्हणाले, "दह्याचं नंदीला सांगू नगं. त्या बाईनं झाकून ठिवलंय, आपण कशाला उघडायचं." घरी आल्यावर त्यांनी फक्त "हळद फोडा" एवढंच सांगितलं. अक्का गोठ्यात पळाली, पण या वेळी माझ्या गळ्यात पडून हसायला. काकी परत आल्यावर आईनं तिला एक शब्द विचारला नाही. विरजणाचं गाडगं रोज आईच हाताळायची, त्यातलं वाटीभर कमी झालेलं तिला त्याच रात्री दिसलं असणार, असं मला आता वाटतं. तेव्हा ती का बोलली नाही? बहुतेक तात्यांना सांगून पटणार नाही, चाखूनच पटेल, हे तिला माहीत असावं. मी तिला कधी विचारलं नाही.

लग्न झालं. अक्का पहिल्यांदा माहेरपणाला आली तो नेमका मंगळवार होता आणि लाइट गेली होती. बॅटरी आली, टीव्ही लागला, तात्या सगळ्यांच्या पुढं. भुवईवाली जिन्यावरून उतरली, भुवई वर गेली, काकी दचकली. आणि तात्या हळू आवाजात म्हणाले, "बाईला ल्हानपणी कायतर लागलं आसंल." आम्ही इतके हसलो की पुढं तिनं दुधात काय टाकलं ते कुणालाच कळलं नाही.

हसणं ओसरल्यावर अक्का म्हणाली, "तात्या, एक गंमत सांगू? मला लई भ्या वाटत व्हतं बघा. पर पयल्याच दिशी भातावर दही वाढलं, आन ते आक्षी आपल्यासारखं! मला वाटलं मी हितंच बसलीया. कसं काय ओ आसं?"

आई चुलीकडं बघायला लागली, काकी शेंगा सोलायला लागली. आयुष्यभर परक्या घरच्या दह्यावर तळहात धरणारे माझे वडील टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "दह्यात काय आसतंय? दही समदीकडं सारखंच."